28 ओळींचा होरेस

हा चौक दक्षिण इटलीतल्या वेनोसाचा आणि मधोमध उभा आहे तो प्राचीन रोमचा लॅटिन कवी होरेस, इथलाच, जन्म इ.स.पू. 65, बाप एकेकाळी गुलाम. पन्नाशीच्या आसपास त्याने एक कविता लिहिली. बर्फ गेलं, गवत आलं, झाडांना पालवी फुटली, चंद्र झिजला तरी परत भरतो, आपण मात्र एकदा गेलो की गेलो. ओळी 28, एक लांब, एक आखूड, परत एक लांब, एक आखूड, म्हणजे दर दुसऱ्या ओळीला दम तुटल्यासारखं होतं.

आता लंडन. हे गॉफ स्क्वेअरमधलं सॅम्युअल जॉन्सनचं घर, डिक्शनरीवाला जॉन्सन. तो वारला ते घर हे नव्हे, पण आपल्याला शूटिंग इथलंच मिळालं. 1784 च्या नोव्हेंबरात, आजारी असताना त्याने हीच कविता इंग्रजीत आणली, छोट्या यमकवाल्या जोडओळींत, आणि डिसेंबरात गेला.

आणि हे केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. इथला लॅटिनचा प्रोफेसर ए. ई. हाउसमन म्हणजे ऑक्सफर्डच्या शेवटच्या परीक्षेत चक्क नापास झालेला माणूस, मग लंडनच्या पेटंट ऑफिसात 10 वर्षं नोकरी, आणि ऑफिस सुटलं की ब्रिटिश म्युझियममध्ये बसून लॅटिनचा अभ्यास, त्या जोरावर 1892 ला लंडनमध्ये प्रोफेसर आणि 1911 ला इथे. ही पाच पुस्तकं बघा, मॅनिलियस नावाच्या कवीचं ज्योतिषावरचं काव्य, त्याची शुद्ध प्रत लावून छापण्यात 1903 ते 1930 गेली, आणि प्रस्तावनेत बाकीच्या संपादकांची अशी काही सालटी काढलीत की विचारू नका.

तर 1914 चा मे महिना. होरेसची ती कविता वर्गात नेहमीसारखी सोलून झाली, व्याकरण, पाठभेद सगळं. मग त्याने ती आधी लॅटिनमध्ये वाचली, नंतर स्वतःच्या इंग्रजीत, प्राचीन साहित्यातली ही सगळ्यात सुंदर कविता असं घाईघाईत म्हणाला आणि सरळ वर्गाबाहेर. वर्गातल्या एका विद्यार्थिनीने हे पुढे लिहून ठेवलं.

त्याचं भाषांतर तेव्हा छापून बरीच वर्षं झाली होती, 1897 चं ते. चार ओळींची सात कडवी, म्हणजे 28 ला 28, यमकं पक्की, पण सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या, होरेसचा तो दम तुटणं गेलंच. तरी मला विचाराल तर जॉन्सनपेक्षा हेच सरस, त्याच्या जोडओळी उड्या मारत पळतात, ही संथ चालते. आणि शब्दाला शब्द ठेवणारं गद्य परीक्षेपुरतं ठीक, कविता कळलीय की नाही ते असं पद्य करतानाच कळतं, एवढा मोठा पंडितही शेवटी तेच करून गेला ना.

1936 ला हाउसमन गेला, त्याच वर्षी भावाने उरलेल्या कवितांच्या पुस्तकात हे भाषांतर छापलं. होरेस नंतरही इंग्रजीत येतच राहिला, जेम्स मिची 1964, डेव्हिड फेरी 1997, त्यांचं बघू पुढच्या भागात.