कडव्याच्या वेशातला चांदवा

(जळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दुर्मीळ फुलपाखरू म्हटलं की आपली गाडी थेट सातपुड्यात, पालकडे किंवा तोरणमाळकडे वळते. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे ते मला चोपडा तालुक्यात दिसलं. कपाशीच्या बांधावर, पोळा होऊन पंधरवडा झाला होता तेव्हा.

घाणेरीच्या फुलावर एक नारिंगी फुलपाखरू बसलं होतं. पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यात पांढरा पट्टा. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर. हात सवयीनं वहीकडे गेलासुद्धा. तेवढ्यात माझ्या सावलीनं ते दचकलं आणि उडालं, आणि तिथेच मी अडखळलो. कडवा असा उडत नाही. त्याची अळी रुईची पानं खाते, त्या चिकातलं विष त्याच्या अंगात उतरतं. एकदा त्याला चाखून पाहिलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून कडवा निवांत, रमतगमत उडतो. हे मात्र बाणासारखं गेलं आणि दहा पावलांवर पुन्हा बसलं.

मग मी मागचा पंख पाहिला. इथे जरा थांबतो, कारण सगळी ओळख इथेच आहे. कडव्याच्या मागच्या पंखावर मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीला तीन, नराला चार. नराचा चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी. माझ्यासमोरच्या फुलपाखराला मधे एकही ठिपका नव्हता. एकच काळा डाग, तोही पंखाच्या वरच्या कडेला. पुढचा पंख त्यावर सरकला की तो झाकला जातो, म्हणून पंख पूर्ण उघडेपर्यंत किंवा मिटून खालची बाजू दिसेपर्यंत धीर धरावा लागतो. पंखांची किनारही थोडी नागमोडी होती.

ती छोट्या चांदव्याची, म्हणजे डॅनेड एगफ्लायची मादी होती. तिच्या अंगात विष नाही. ती कडव्याचा नुसता वेश घेते आणि पक्षी फसतात. मीही त्या पक्ष्यांइतकाच फसत आलो होतो. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. पानोपानी ‘बिबळ्या कडवा’ लिहिलेलं, आणि त्यातल्या किती वेळा मी मागचा पंख पाहिला होता, हे आज सांगता येत नाही. त्या नोंदी आता पुराव्याच्या कामाच्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. चांदव्याच्या नराबाबत अशी चूक होत नाही. तो काळाभोर असतो, प्रत्येक बाजूला तीन पांढरे चंद्र, त्यांना जांभळी-निळी झळाळी.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर या फुलपाखराचं नाव होतं. म्हणून पकडायचं नाही, टाचणीला लावायचं नाही. फोटो काढायचा, वरून आणि खालून. आणि त्याच्याशेजारी गाव, शिवार, तारीख, वेळ, कोणत्या झाडावर बसलं होतं ते लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं.

खरं लिहिण्यावर मी एवढा अडून बसतो, त्याचं कारण आपल्या खानदेशातच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४नंतर कुणाला सापडलं नव्हतं. खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं गोळा केलेला एक नमुना मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकानं लंडनच्या संग्रहालयातून चोरला आणि त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतलं ठिकाण चिकटवलं. एका खोट्या चिठ्ठीनं शोध भलतीकडे गेला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पक्षी तोच, जंगल तेच. मधे एकशे तेरा वर्षं गेली.

तर पुन्हा त्या बांधावर येऊ. मादी फुलावरून उतरली आणि कपाशीच्या दोन ओळींमध्ये जमिनीलगत फिरू लागली. तिथे घोळ माजली होती, आपण डाळ घालून भाजी करतो तीच. कडव्याला रुई लागते, चांदव्याच्या अळीला घोळ. ती एका पानावर टेकली, पोट वाकवलं, उडाली. निंदणी चालली होती. एका मावशींनी विचारलं, “काय देखी ऱ्हायनात, सर?” मी पान उलटून बारीकसं अंडं दाखवलं. त्यांनी विळा बाजूला ठेवला, बराच वेळ वाकून पाहिलं आणि त्या घोळीभोवती कपाशीच्या चार काड्या रोवल्या.

दहाव्या दिवशी मी परत गेलो. बाकीचं शेत स्वच्छ निंदलेलं होतं, काड्यांच्या आत घोळ तशीच उभी होती. कडव्याची अळी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची असते. ही काळपट होती, अंगभर फांद्या फुटलेले काटे. मावशी लांबूनच हात करत आल्या. त्यांनी ती माझ्या आधीच पाहिली होती.