मेट्रोपोलिस: बेकार माणसं आणि राबणारे रोबोट

श्रोतेहो नमस्कार. आज एका जपानी ॲनिमेशन पिक्चरबद्दल बोलायचंय, मेट्रोपोलिस, 2001 सालचा. दिग्दर्शक रिंतारो, पटकथा कात्सुहिरो ओतोमोंची, आणि मूळ कॉमिक ओसामु तेझुकांचं, तेही 1949 चं, म्हणजे महायुद्धात जपान बेचिराख होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती तेव्हाचं.

गोष्ट आहे एका अफाट शहराची. वर नुसता झगमगाट, झिग्गुरात नावाचा भलामोठा टॉवर, आणि जमिनीच्या पोटात एकाखाली एक झोन. पहिल्या झोनमध्ये कोण राहतं? तर रोबोट आल्यामुळे ज्यांची कामं गेली ती माणसं. त्याच्याही खाली रोबोट राबतात, वीज तयार करतात, घाण पाणी साफ करतात, आणि त्यातला एखादा परवानगीशिवाय आपला झोन सोडून वर आला की त्याला सरळ गोळीच घालतात.

शेवटी शेवटी यंत्र माणसावर उलटतं, ते इथेही आहेच, पण मला हा पिक्चर इतका लागला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. पेरो नावाचा एक रोबोट डिटेक्टिव्ह आहे, त्याला खरं तर नुसता लांबलचक नंबर, पेरो हे नाव जपानहून आलेले डिटेक्टिव्ह काका त्याला देतात. बंड पेटतं तेव्हा हा पेरो त्या भडकलेल्या बेकार लोकांसमोर जाऊन उभा राहतो, हिंसा कशाला करता म्हणून विचारतो, आणि ते त्यालाच संपवतात. अहो, पोटावर पाय दिला टॉवरवाल्यांनी आणि मार खाल्ला कुणी, तर त्यांच्यासारखंच राबणाऱ्याने! असला राग मला फार खरा वाटतो.

तिमा ही रोबोट मुलगी, आपण रोबोट आहोत हेच तिला माहीत नाही. तो टॉवर उभारणाऱ्या ड्यूक रेडने तिला आपल्या मेलेल्या मुलीच्या चेहऱ्याची बनवून घेतलीये, आणि तरी त्याला ती मुलगी म्हणून नकोय, टॉवरच्या सिंहासनावर बसवायला हवीये. हे मला त्या गोळीबारापेक्षा भयंकर वाटलं.

आणि काय म्हणून सांगू, टॉवर कोसळतो तेव्हा कानावर येतं अमेरिकन गायक रे चार्ल्सचं प्रेमगीत, सगळं शहर फुटतंय आणि तो आपला शांतपणे गातोय, असं काही मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये ऐकलेलं नाही.

गोल चेहरे, मोठे डोळे बघून लहान मुलांचा पिक्चर समजू नका, मारामारी बरीच आहे. कॉलेजातल्या मुलांना मात्र जरूर दाखवा, आणि जपानीतच, सबटायटल लावून.