जावामध्ये परक्याचे प्लगइन लोड करताना

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा किंवा बेदाण्याचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते, आणि तिच्यात हमाली, तोलाई व आधी घेतलेली उचल मांडण्याची प्रत्येक पेढीची रीत थोडी वेगळी असते. हे सारे नियम एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबण्याचा कंटाळा आल्यावर मी ठरवले की प्रत्येक पेढीने आपला नियम प्लगइन म्हणून, म्हणजे बाहेरून जोडता येणारा कोड म्हणून, वेगळ्या जार फाइलमध्ये (जावाचे क्लास एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) द्यावा आणि माझ्या जावा अ‍ॅप्लिकेशनने तो चालू असतानाच लोड करावा.

लोड करणे सोपे आहे. आपण 'पट्टीनियम' नावाचा इंटरफेस, म्हणजे प्रत्येक प्लगइनने पाळायचा साचा, ठरवतो, क्लास मेमरीत आणणाऱ्या यूआरएल-क्लासलोडरला जारचा पत्ता देतो, आणि जावा ६ पासून उपलब्ध असलेला सर्व्हिसलोडर त्या जारमधल्या नोंदीवरून योग्य क्लास शोधून त्याचा ऑब्जेक्ट हाती देतो.

गुंता पुढे आहे. यूआरएल-क्लासलोडर कोणताही क्लास आधी आपल्या पालक लोडरकडे, म्हणजे मूळ अ‍ॅप्लिकेशनच्या लोडरकडे, मागतो, त्यामुळे प्लगइनने एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती सोबत आणली तरी आपल्याकडची जुनीच त्याच्या माथी येते. यावर उपाय म्हणून मी आधी स्वतःच्या जारमध्ये पाहणारा लोडर लिहिला, आणि तेव्हा 'प्लगइनचा क्लास पट्टीनियमचा उपप्रकार नाही' अशा अर्थाची सर्व्हिस-कॉन्फिगरेशन एरर सर्व्हिसलोडरकडून समोर आली. जावाच्या दृष्टीने क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही. नाव आणि तो घडवणारा लोडर, दोन्ही मिळून ठरते. प्लगइन लिहिणाऱ्याने माझा इंटरफेसही स्वतःच्या जारमध्ये बांधून दिला होता, म्हणून एकाच नावाचे दोन परके क्लास तयार झाले होते. इंटरफेसचे पॅकेज तेवढे नेहमी पालकाकडूनच घ्यायचे आणि बाकीचे प्लगइनकडून, अशी वाटणी केल्यावर तो प्रश्न मिटला.

प्लगइन काढून टाकणे त्याहून चिवट आहे. लोडर आणि त्याने आणलेले सगळे क्लास यांच्याकडे कोठूनही संदर्भ उरला नाही, तरच ते मेमरीतून जाऊ शकतात. प्लगइनने सुरू केलेला एखादा थ्रेड (समांतर चालणारे काम) चालू राहिला, तरी प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मेटास्पेस, म्हणजे क्लासची माहिती ठेवणारी मेमरी, फुगत जाते. विंडोजवर तर लोडर बंद केल्याशिवाय जार फाइल बदलताही येत नाही.

आता विश्वासाचा प्रश्न. एका पेढीवरच्या हौशी पोराने दिलेल्या प्लगइनमध्ये हिशेब संपल्यावर सिस्टिम-एक्झिट, म्हणजे चालू जावाच बंद करण्याची आज्ञा, लिहिले होते, आणि ऐन सौद्याच्या वेळी माझे संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन बंद पडले. चूक त्याची नव्हे, माझीच होती, कारण क्लासलोडर नावे वेगळी ठेवतो, अधिकार नाही. पूर्वी अशा कामासाठी, म्हणजे कोडचे अधिकार आवळण्यासाठी, जावातच सिक्युरिटी मॅनेजर होता. तो जावा १७ मध्ये कालबाह्य ठरवला गेला आणि जावा २४ मध्ये कायमचा निष्प्रभ केला गेला. अनंत लूपमध्ये अडकलेला थ्रेड जबरदस्तीने थांबवण्याची सोयही जावा २० पासून राहिलेली नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, होती. आत प्राणवायू कमी असल्यामुळे पेव उघडल्याबरोबर कोणी खाली उतरत नसे. नावावरून क्लास लोड करणाऱ्या क्लासफॉरनेमला 'इनिशिअलाइझ करू नकोस' असे सांगून मीही स्टॅटिक ब्लॉक (क्लास सुरू होताच आपोआप चालणारा कोड) न चालवता क्लास तपासून पाहतो, परंतु त्यातून इंटरफेस बरोबर आहे की नाही एवढेच कळते, हेतू कळत नाही.

म्हणून आता प्रत्येक परके प्लगइन मी स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवतो. जावातल्या प्रोसेसबिल्डरने दुसरे जावा सुरू करायचे, त्याच्या हीपला (ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीला) ६४ एमबीची मर्यादा घालायची, ते मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या युजरखाली चालवायचे, सौद्याचे आकडे जेसन या साध्या मजकूर-स्वरूपात पाठवायचे आणि पाच सेकंदांत उत्तर न आल्यास प्रोसेस मारून टाकायची. नेटवर्क मात्र याने बंद होत नाही. त्यासाठी नेटवर्क नसलेला कंटेनर, म्हणजे प्रोसेसला बाकी यंत्रणेपासून अलग ठेवणारी चौकट, लागतो. दुसरे जावा सुरू व्हायला थोडा वेळ जातो, म्हणून मी ती प्रोसेस सकाळी सौदे सुरू होण्याआधीच उभी करून ठेवतो.