हानलेच्या उत्तरेला चढलेली लाली

(दृश्य: रात्रीचं हानले. वेधशाळेच्या कॅमेऱ्याची चित्रं भराभर पुढे सरकतात. उत्तरेच्या डोंगरांवर लाल पट्टा उमटतो.)

१० मे २०२४, रात्रीचे १० वाजून ३५ मिनिटं. सूर्यावरून सुटलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, लोटांचा पहिला धक्का पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला बसला आणि चुंबकीय वादळ सुरू झालं. लडाखमधल्या हानलेजवळ, ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळेचा सगळं आकाश टिपणारा कॅमेरा रोजच्यासारखा चालू होता. मध्यरात्रीनंतर त्याच्या चित्रांत उत्तर क्षितिजापाशी लाल रंग चढायला लागला.

अरोरा, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री उमटणारा रंगीत प्रकाश, पाहायला लोक जिथे जातात ते नॉर्वेतलं ट्रॉम्सो हानलेपासून जवळजवळ ३७ अक्षांश उत्तरेला आहे. मग तो प्रकाश इथवर आला कसा?

एक शक्यता अशी, की तो इथवर आलाच नव्हता. तो आपल्या उत्तरेला, पुष्कळ लांब आणि पुष्कळ उंच होता. आपल्याला दिसला तो त्याचा फक्त वरचा भाग.

(दृश्य: पृथ्वीच्या गोलाईची आकृती. १०० आणि ४०० किलोमीटर उंचीच्या दोन रेषा.)

अरोराचा ओळखीचा हिरवा रंग साधारण १०० किलोमीटर उंचीवर तयार होतो. पृथ्वीची गोलाई धरली तर एवढ्या उंचीवरचा प्रकाश जास्तीत जास्त १,१०० किलोमीटर अंतरावरून दिसेल. पुढे तो क्षितिजाखाली जातो. लाल रंगाचं तसं नाही. ऑक्सिजनचा अणू ६३० नॅनोमीटरचा हा लाल प्रकाश सोडायला दीड-दोन मिनिटं घेतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याची दुसऱ्या कणांशी टक्कर होते आणि प्रकाश न देताच ऊर्जा निघून जाते. म्हणून हा रंग २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच दिसतो. ४०० किलोमीटरवरची लाली तब्बल २,२०० किलोमीटरवरून नजरेच्या टप्प्यात येते.

दुसरी शक्यताही आहे. मोठ्या चुंबकीय वादळात पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर अंतरावर, विद्युतभारित कणांचा वलयप्रवाह जोर धरतो. त्याची उष्णता चुंबकीय बलरेषांवरून खाली झिरपते, वरच्या वातावरणातले इलेक्ट्रॉन तापतात आणि ऑक्सिजन लाल उजळतो. याला स्थिर लाल कमान म्हणतात. तिच्यात नाचणारे पडदे नसतात, हिरवा रंगही नसतो. भारतीय ताराभौतिकी संस्थेने हानलेच्या लालीची ओळख अशीच करून दिली. तेव्हा नॉर्वेच्या व्हिडिओत पाहिलेले पडदे लडाखमध्ये शोधू नयेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

(दृश्य: जगाचा नकाशा, त्यावर चुंबकीय अक्षांशांच्या तिरक्या रेषा.)

त्याच वादळात अमेरिकेतल्या फ्लोरिडातून गुलाबी आकाशाचे ढीगभर फोटो आले. फ्लोरिडा तर हानलेच्याही दक्षिणेला. पण अरोरा भौगोलिक नव्हे, भूचुंबकीय ध्रुवाभोवती कडं करतो आणि तो ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. चुंबकीय हिशेबात फ्लोरिडा आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला पडतो. या ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेला, म्हणजे चुंबकीय, अक्षांश हानलेचा २४च्या आसपास, मुंबईचा १०च्या आसपास. भारताच्या वाट्याला ही बाजू पडतीच आली आहे. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीचं, म्हणजे जी-५ वादळ झालं, तेव्हा हानलेला एवढी लाली दिसली.

(दृश्य: तिपाईवर कॅमेरा. लाल बॅटरीचा मंद उजेड. हात लेन्सची कडी फिरवतात.)

आता ती टिपायची कशी, ते पाहू.

दिशा आधी. हानलेहून ध्रुवतारा क्षितिजापासून ३३ अंशांवर दिसतो. हात ताठ करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे तीन मुठींच्या थोडं वर. लाली शोधायची ती त्याच्या खाली, शेवटच्या दीड-दोन मुठींत. त्यामुळे उत्तरेला उंच डोंगर असलेली जागा निवडली तर सगळी मेहनत वाया जाते.

लेन्स १४ ते २४ मिलिमीटर, छिद्र एफ २.८ किंवा त्याहून मोठं (म्हणजे एफचा आकडा लहान), आयएसओ १,६०० ते ३,२००, उघडझाप १० ते २० सेकंद. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर मुळीच ठेवायचा नाही. ऑटोवर कॅमेरा ती लालीच चूक समजून काढून टाकायला बघतो. ३,८०० केल्विनच्या आसपास कायम करून टाका. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ती बऱ्याच लेन्सवर थोडी इकडेतिकडे असते. एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करायचा, तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत कडी फिरवायची आणि मग कडीवर चिकटपट्टी लावून टाकायची. अंधारात हातमोज्याचा धक्का लागून फोकस सरकतो, आणि ते कळतं थेट सकाळी. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. हानलेच्या थंडीत भरलेली बॅटरीसुद्धा बघता बघता मान टाकते.

साध्या डोळ्यांना काय दिसेल? बहुतेक वेळा काहीच नाही, किंवा करडी झाक. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी पाहतो, त्यांना ६३० नॅनोमीटरचा लाल जवळजवळ दिसतच नाही. फोटोतला भडक रंग खोटा नसतो. कॅमेरा तो २० सेकंद साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यातलाही गाळक लाल प्रकाशाचा बराच भाग अडवतो.

फसगत होते ती इथेच. हानलेसारख्या काळ्या आकाशात वातावरणाची स्वतःची फिकट चमक कुठल्याही शांत रात्री फोटोत येते, हिरवी आणि कधीकधी लालसरही. लांबच्या वस्तीचा उजेड ढगावर पडून नारिंगी दिसतो. म्हणून एका फोटोवरून छाती ठोकून काही सांगू नये. एकाच चौकटीत, दर मिनिटाला एक, असे निदान तासाभराचे फोटो घ्या. वस्तीचा उजेड रात्रभर हलत नाही. वातावरणाच्या चमकेचे पट्टे आकाशभर कुठल्याही दिशेला असतात. वादळाची लाली उत्तरेला धरून असते, चढते आणि उतरते, आणि त्याच वेळी चुंबकीय वेधशाळांच्या आलेखातही खळबळ असते.

(दृश्य: आलेख. खाली झेपावणारी रेषा.)

सूचना किती आधी मिळते? मे २०२४च्या वादळातले पहिले लोट ८ तारखेला सुटले आणि १० तारखेला रात्री पोचले. पण वादळ जोर धरतं ते त्यांच्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर, आणि तसं आहे की नाही, हे ते सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल-१ बिंदूवरील यानांपर्यंत आल्यावरच कळतं. आपलं सौरयान आदित्य-एल १ तिथेच आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ७०० किलोमीटर असेल, तर तिथून आपल्या हातात उरतात जेमतेम ३६ मिनिटं.

तेवढ्यात लेहहून हानलेही गाठता येत नाही. अडीचशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता आहे, परवाना लागतो, आणि त्याआधी लेहमध्ये निदान दोन दिवस विरळ हवेची सवय करून घ्यावी लागते. बातमी ऐकून मुंबई-पुण्याहून निघालेला माणूस पोचेपर्यंत वादळ ओसरलेलं असतं. हे दृश्य मिळतं ते आधीच तिथे असलेल्याला.

आणि नशीबही लागतं. १० मेला अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे चंद्राची अडचण नव्हती. पण वादळ टोकाला पोचलं तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजत आले होते.

(दृश्य: कुलाब्याची जुनी वेधशाळा. मग अलिबागचं आवार.)

मुंबईने दिवसाचं आणि रात्रीचं, अशी दोन्ही वादळं अनुभवलीत. २ सप्टेंबर १८५९ला कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) इतकं घसरल्याची नोंद झाली. पण ती वेळ होती दुपारच्या जेवणाआधीची, लख्ख उन्हाची. ४ फेब्रुवारी १८७२ला मात्र वादळाला रात्र मिळाली. त्या रविवारी मुंबईच्या आकाशात अरोरा दिसल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलं आणि मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेश काही तास विस्कळीत झाले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत यासाठी, ही चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. तिथल्या इमारतींसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला. आज ती नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

आता मुंबई-कोकणातून पुन्हा दिसेल का? १८७२ एवढं वादळ, तेही रात्री, तेही पावसाळा सोडून. त्यात शहरांचा आजचा झगमगाट. भरवसा धरू नये. हानलेसाठी मात्र शक्यता बरी आहे. सूर्याची सक्रियता कळसावरून उतरत असतानाही मोठी वादळं येतात. २००३चं तसंच होतं. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचं प्रमाण जरा वाढतं. त्यातला मार्च लडाखच्या रस्त्यांसाठी कठीण, म्हणून सुटी टाकायचीच तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधली अमावास्या धरून टाका.