सर्पगंधेच्या मुळापासून मनापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

वेंगुर्ल्याजवळ माझं माहेर. तिथे परड्यात, विहिरीच्या कडेला, सर्पगंधेची दोन-तीन रोपटी होती. गुडघ्याएवढी उंची, लालसर देठांवर पांढरी फुलं आणि पिकली की काळी पडणारी बारीक फळं. झोप उडालेल्याला, भ्रमिष्ट झालेल्याला जाणती माणसं तिची मुळी द्यायची, असं आजी सांगत असे. मनाच्या रसायनांबद्दल बोलायला बसले आणि आधी ती रोपटीच आठवली. कारण या विषयातला एक मोठा शोध त्या मुळाच्या मागे गेल्यामुळे लागला आहे.

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम मांडला. जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी मुळातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसरपिन. गोळ्या निघाल्या, रक्तदाब उतरू लागला. पण काही रुग्ण खिन्न झाले. कशात मन लागेना, उगाच रडू येई. औषध रक्तदाबाचं आणि परिणाम मनावर, हे कसं?

आपल्या मेंदूतल्या बहुतेक पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, साधारण मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. खाडीच्या दोन काठांवर दोन गावं असावीत आणि निरोप होडीतून पलीकडे जावा, तसं हे चालतं. ही होडी म्हणजे रसायनं: डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन आणि अशी कितीतरी. ती पेशीच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. रेसरपिन त्या पिशव्या भरूच देत नाही. साठा आटतो, निरोप अडतो.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 च्या सुमाराला सशांना रेसरपिन दिलं. ससे जागच्या जागी गप्प बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. कंपवाताच्या उपचाराची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. विहिरीकडेच्या झुडपाचा हा प्रवास मला आजही थक्क करतो.

डोपामिनला लोक सुखाचं रसायन म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगात माकडांना रस मिळण्याआधी खूण दिसायची. सवय झाल्यावर डोपामिनच्या पेशी रस मिळताना नव्हे, खूण दिसताच चेतत. खूण होऊन रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावत. गणपतीत चाकरमानी यायचे असतात ना, तेव्हाचं घर आठवा. मुंबईची गाडी रत्नागिरी सोडून पुढे आली म्हणून फोन येतो आणि आईचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. खरी उसळी तिथेच असते. आणि ऐनवेळी “रजा मिळाली नाही” म्हटलं, की तिची समई लावण्याचीही इच्छा जाते. ती आई नाटक करत नसते. तिच्या डोक्यात खरोखरच काहीतरी खाली आलेलं असतं.

आता माझ्या काकांविषयी. छोटी होडी, दोन जाळी, एवढाच संसार. जूनमध्ये समुद्र बंद झाला, तशी त्यांची झोप पहाटे तीनलाच मोडू लागली. एका दुपारी मी पडवीत गेले, तर काका जाळं शिवायला बसलेले. सुईत दोरा ओवलेला, डाव्या हाताच्या बोटांत फाटलेला भाग धरलेला. तासाभराने परत आले, तरी सुई त्याच भोकाशी. म्हणाले, “माका कायच करुचा वाटत नाय गो बाय.” घरात कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, कुणी म्हणालं कौल लावा, कुणी म्हणालं आळस शिरला. देवाला गाऱ्हाणं घातलं, ते घालावंच. मनातलं मोठ्याने बोलायची ती एक जागा आहे. पण आळस म्हणालेलं मला अजून सलतं.

डॉक्टरांनी नैराश्य म्हणून निदान केलं, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या दिल्या. काकांनी आठ दिवस घेतल्या आणि सोडल्या. असं आपल्याकडे घरोघर होतं, म्हणून इथे थोडं थांबते. या गोळ्या पेशींमधल्या फटीतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढवतात, पण मन उचलायला दोन ते सहा आठवडे लागतात. केवळ एक रसायन कमी पडलं म्हणून माणूस खचतो, इतकं ते सरळ असतं, तर दुसऱ्या दिवशीच बरं वाटलं असतं. त्या आठवड्यांत पेशी आपली जोडणी हळूहळू बदलत असाव्यात, असा आजचा समज आहे. आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन तर आतड्यांत बनतं, मेंदूत नव्हे. तेव्हा मनाचा हिशोब एका आकड्यात मावत नाही. झोप, सकाळचा उजेड, चालणं, जवळची माणसं, डोक्यावरचं कर्ज, हे सगळंही त्याच पेशींपर्यंत पोचतं.

एक कळकळीची विनंती: सर्पगंधेची मुळी कुणी घरी उगाळून देऊ नका. तिने रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, मन अधिक खचू शकतं. कुणाशी बोलायचं सुचत नसेल, तर 14416 हा सरकारचा ‘टेलिमानस’ नंबर आहे. फुकट, दिवसरात्र.

काकांना गोळ्या पुन्हा सुरू केल्या. काकी रोज रात्री समोर उभी राहून देई. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा जेवताना घास घेऊन ते थांबले आणि म्हणाले, “आज तिखल्यात तिरफळां घालूक इसारलंस काय गो?” तीन महिन्यांत पानातल्या कुठल्याच पदार्थाची त्यांनी चव घेतली नव्हती. काकी काही न बोलता उठली आणि परड्यात जाऊन पोटभर रडली.

नमस्कार.