शॉशँकमधून पळालेल्या अँडीला ते पैसे पुरले असते का?

१९६६ सालच्या एका सकाळी अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड शहरात, अंगावर उत्तम शिवलेला सूट आणि पायांत चकचकीत बूट असलेला एक गृहस्थ बँकेत येतो, रँडल स्टीव्हन्स या नावाचे आपले खाते बंद करतो, बँकर्स चेक ताब्यात घेतो आणि निघता निघता एक पाकीट बँकेच्या टपालाबरोबर पाठवून देण्याची विनंती करतो. सूट आणि बूट त्याचे नाहीत, नावही त्याचे नाही, आणि आदल्या रात्रीपर्यंत तो शॉशँकच्या तुरुंगात दुहेरी जन्मठेप भोगत होता. त्या सकाळी तो परिसरातील जवळपास डझनभर बँकांमधून ३ लाख ७० हजार डॉलरांहून अधिक रक्कम उचलतो आणि मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सिवातानेहो या गावाच्या वाटेला लागतो. तेथे त्याला समुद्राकाठी एक लहानसे हॉटेल काढायचे आहे आणि एखादी जुनी होडी विकत घेऊन, ती दुरुस्त करून, पाहुण्यांना मासेमारीसाठी न्यायचे आहे.

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा १९९४ सालचा चित्रपट पाहणाऱ्यांच्या मनात अँडी डुफ्रेनची ही सुटका इतकी घर करून बसते की पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्या पैशांवर त्याचे उरलेले आयुष्य खरोखर निभावले असते का? अँडी तुरुंगात येण्यापूर्वी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि तुरुंगातल्या एकोणीस वर्षांपैकी बहुतेक काळ त्याने तेथेही हिशेबच लिहिले. त्यामुळे त्याचे स्वप्न पै-पैच्या हिशेबाने तपासले, तर त्यात त्याचा अनादर होत नाही, उलट त्याच्याच पद्धतीने आपण त्याला समजून घेतो, असे मला वाटते.

आधी या पैशांचे मूळ पाहू. तुरुंगाचा मुख्य अधिकारी नॉर्टन कैद्यांना बाहेरच्या कामांवर जुंपत होता. फुकटच्या मजुरांशी स्पर्धा करणे अशक्य असल्याने ठेकेदार त्याने काम सोडावे म्हणून त्याला लाच देत. ही लाच वेगवेगळ्या खात्यांतून फिरवून स्वच्छ करण्याचे काम अँडीकडे होते, आणि त्यासाठीच त्याने जन्मदाखला, वाहनपरवाना व सामाजिक सुरक्षा क्रमांक यांसह रँडल स्टीव्हन्स नावाचा माणूस कागदावर उभा केला. ज्या खुनांसाठी त्याला शिक्षा झाली ते त्याने केले नव्हते. हा गुन्हा मात्र त्याने केला होता. ज्या दीर्घकथेवर चित्रपट आधारलेला आहे, तिच्यात ही गोष्ट वेगळी आहे: तेथे अँडीची स्वतःची मालमत्ता शिक्षेपूर्वीच विकून एका मित्राने ती त्याच्या बनावट नावावर गुंतवलेली असते. कथेतल्या अँडीचा त्या पैशांवर नैतिक हक्क तरी उरतो. चित्रपटातला अँडी लाचेचा पैसा घेऊन जातो, आणि त्यावर राज्य सरकार कधीही दावा सांगू शकते.

आता रकमेचे मोल. १९६६ साली अमेरिकेतील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे साडेसात हजार डॉलर होते, म्हणजे अँडीच्या हाती अशा कुटुंबाची जवळजवळ पन्नास वर्षांची कमाई होती. आजच्या किमतींत ही रक्कम ३५ लाख डॉलरांच्या आसपास जाते. त्याच वर्षी ६ जूनला आपल्या रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांचा झाला होता; त्या दराने ही पुंजी पावणेअठ्ठावीस लाख रुपये होते. शंभर डॉलरच्या नोटा केल्या तर त्या ३,७०० भरतात. एक नोट साधारण एक ग्रॅमची, तेव्हा सगळे मिळून पावणेचार किलोही नाही. शंभर नोटांचे पुडके सव्वा सेंटिमीटरही जाड नसते, आणि अशी सदतीस पुडकी एका लहान सुटकेसमध्ये मावून वर दोन सदरे ठेवायला जागा उरते.

परंतु त्या सकाळी अँडीला नोटा मिळालेल्या आपल्याला दिसत नाहीत, त्याला बँकर्स चेक मिळतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. असा चेक वटवण्यासाठी पुन्हा एखादी बँक लागते, आणि चेकवर रँडल स्टीव्हन्स हेच नाव असते. इकडे त्याने टपालात टाकलेल्या पाकिटात नॉर्टनच्या लाचखोरीचे हिशेब आहेत आणि ते पाकीट वर्तमानपत्राच्या कचेरीत पोहोचले की त्या खात्यांची नावे पोलिसांच्या हाती पडणारच. म्हणजे स्वतःच्या सूडाचे घड्याळ त्याने स्वतःच सुरू केले होते आणि पैसे रोखीत बदलायला त्याच्याजवळ फार तर दोनचार दिवस होते. एका बँकेतून सरासरी तीस हजार डॉलर निघत असताना कारकुनाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले नसेल, हे संभवत नाही. तरीही ते साल त्याच्या पथ्यावर पडले. दहा हजार डॉलरांवरील प्रत्येक रोख व्यवहार सरकारला कळवण्याची आजची व्यवस्था १९७० च्या बँक गोपनीयता कायद्यातून उभी राहिली, आणि काळा पैसा पांढरा करणे हा अमेरिकेत स्वतंत्र संघीय गुन्हा ठरला तो १९८६ साली. मेक्सिकोत जायला अमेरिकन पर्यटकाला तेव्हा पासपोर्टही लागत नसे; जन्मदाखला पुरे होता, आणि तो रँडल स्टीव्हन्सकडे होता.

पैसा सीमेपार गेला असे मानू. पुढे काय होते, हे पाहण्यासाठी कल्पनेची गरज नाही, कारण नेमक्या त्याच काळात, त्याच देशात, जवळपास तेवढीच रक्कम घेऊन खरी माणसे लपून राहत होती. ८ ऑगस्ट १९६३ रोजी इंग्लंडमध्ये ग्लासगोहून लंडनकडे येणारी टपालगाडी अडवून एका टोळीने २६ लाख पौंड लुटले. प्रत्येक प्रमुख साथीदाराच्या वाट्याला सुमारे दीड लाख पौंड आले. १९६६ च्या दराने, म्हणजे एका पौंडाला २.८० डॉलर धरले, तर हे ४ लाख २० हजार डॉलर होतात. अँडीपेक्षा पन्नास हजार जास्तच. टोळीचा सूत्रधार ब्रूस रेनॉल्ड्स बायकोमुलासह मेक्सिकोत गेला. बस्टर एडवर्ड्स चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करवून घेऊन पत्नी आणि मुलीसह तेथेच पोहोचला. चित्रपटातला अँडी मेक्सिकोत शिरला त्याच १९६६ साली एडवर्ड्स पैसे संपत आल्यामुळे आणि घरच्यांना परक्या देशात राहवेना म्हणून इंग्लंडला परतला आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला. रेनॉल्ड्सने आणखी काही देश पालथे घातले, पण त्याचीही पुंजी आटली आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये तो टॉर्की या गावी पकडला गेला.

पन्नास वर्षांची कमाई दोन-चार वर्षांत कशी उडते? पळालेल्या माणसाचा संसार नेहमीच्या भावाने चालत नाही. खोटी कागदपत्रे, लपायची जागा, चेहरा बदलणारा डॉक्टर, पैसे सांभाळणारा मध्यस्थ, प्रत्येक जण धोक्याची किंमत वसूल करतो. आणि त्यांपैकी कुणी गंडा घातला तर फिर्याद कुठे करणार? त्यात मेक्सिको सिटीसारख्या राजधानीत श्रीमंती थाटात राहिले, आवक शून्य असली, तर बसून खाणाऱ्याला डोंगरही पुरत नाही, हे आपल्याकडे लहान मूलही ऐकून असते. अँडीची स्थिती येथे निराळी आहे. तो एकटा आहे. कागदपत्रे त्याने स्वतः तयार केली आहेत. त्याला कुणाला वाटा द्यावा लागत नाही, आणि एकोणीस वर्षांच्या कोठडीने त्याच्या गरजा कमालीच्या कमी केल्या आहेत. त्याने राजधानी सोडून मासेमारीचे एक आडगाव निवडले, हा मला त्याच्या सगळ्या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

आता त्याचा संसार मांडू. जागा, बांधकाम, होडी आणि मोटार यांवर ७० हजार डॉलर गेले असे उदार मनाने धरू. उरतात ३ लाख. महिना ५०० डॉलर, म्हणजे वर्षाला ६,००० खर्च केले, तर व्याज न धरताही पन्नास वर्षे निघतात, आणि ५ टक्के व्याज मिळाले तर वर्षाला १५ हजार हाती येऊन मुद्दलाला हात लावण्याचीही गरज पडत नाही. कागदावर हे इतके सरळ आहे. मात्र पुढची वीस वर्षे सरळ नव्हती.

समजा त्याने नोटा पेटीतच ठेवल्या. १९६६ ते १९८२ या काळात अमेरिकेतील किमती जवळजवळ तिप्पट झाल्या, तेव्हा पेटीतले तीन लाख सोळा वर्षांत एक लाखाच्या मोलाचे उरले असते. समजा त्याने ते मेक्सिकोच्या बँकेत पेसोत ठेवले. १९५४ पासून डॉलरला साडेबारा पेसो हा दर इतका अढळ होता की कुणालाही तो कायमचा वाटावा. त्या दराने त्याचे साडेसदतीस लाख पेसो झाले असते. ऑगस्ट १९७६ अखेर सरकारने पेसो मोकळा सोडला आणि पुढच्या काही महिन्यांत डॉलर बावीस पेसोंच्या आसपास गेला. १९८२ हे साल तर ठेवीदारांच्या जिवावर उठले. त्या वर्षाच्या अखेरीस खुल्या दराने डॉलरला सुमारे दीडशे पेसो पडत होते, म्हणजे व्याज सोडून केवळ मुद्दल पाहिले तर तीन लाख डॉलरांचे २५ हजार झाले. आणि ज्यांनी शहाणपणाने मेक्सिकोतील बँकांतच डॉलरमध्ये ठेवी ठेवल्या होत्या, त्यांना त्या ऑगस्टमध्ये सरकारने सांगितले की तुमचे डॉलर आता ७० पेसोंच्या दराने पेसोतच मिळतील, जेव्हा बाजारात डॉलरला शंभराहून अधिक पेसो मोजावे लागत होते. १ सप्टेंबर १९८२ रोजी अध्यक्ष लोपेझ पोर्तियो यांनी खाजगी बँकांचेच राष्ट्रीयीकरण केले. सचोटीने जमवलेला पैसाही ज्या वादळात बुडाला, त्यात चोरून आणलेला पैसा कुणाच्या आधाराने तरला असता?

येथेच त्या लहानशा हॉटेलाचे खरे मोल कळते. चित्रपट पाहताना ते एका थकल्या माणसाचे रम्य स्वप्न वाटते. हिशेबाने पाहिले तर ती त्याची सर्वांत भक्कम गुंतवणूक ठरते. खोलीचे भाडे महागाईबरोबर वाढवता येते. अमेरिकेतून येणारा पाहुणा डॉलर घेऊन येतो, आणि स्वयंपाकी, होडीवाला, कोळी, सुतार यांचा खर्च पेसोत होतो. म्हणून पेसो कोसळला की बँकेतला ठेवीदार रडतो, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याकडे गिऱ्हाईक वाढते. १९७० नंतरच्या दशकात मेक्सिको सरकारने सिवातानेहोला लागून असलेल्या इक्स्तापा येथे पर्यटननगरी वसवायला घेतली, तेव्हा तिथल्या किनाऱ्याच्या जागांचे भाव कुठल्या कुठे गेले. (चित्रपटाच्या शेवटी दिसणारा निळा किनारा सिवातानेहोचा नाही, ते चित्रीकरण कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉई बेटावर झाले आहे.) गर्दी वाढण्यात त्याला धोकाही होता, कारण खून हा १८९९ च्या प्रत्यार्पण करारानुसार परत पाठवण्याचा गुन्हा होता आणि अँडीच्या बाजूने साक्ष देऊ शकणारा एकमेव तरुण तुरुंगातच मारला गेला होता. मेनमधून सुट्टीवर आलेल्या एखाद्या पाहुण्याने त्याला ओळखले असते, तर सारेच संपले असते.

पण सर्वांत अवघड अडचण जमिनीची आहे. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाने किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीय माणसाला जमिनीची थेट मालकी घेण्यास मनाई केली आहे, आणि सिवातानेहो तर समुद्राला टेकलेले आहे. भोवतालची गावसमूहाच्या मालकीची, एहिदो म्हणवली जाणारी जमीन १९९२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत विकताच येत नसे. १९६६ साली अँडीपुढे उरलेला व्यवहार्य मार्ग म्हणजे गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाच्या नावावर बेनामी खरेदी. लाखो डॉलरांचा मालक असूनही त्याचे हॉटेल त्या एका माणसाच्या सचोटीवर उभे राहिले असते, आणि त्या माणसाच्या मृत्यूनंतर वारसांनी दार ठोठावले असते तर त्याला न्यायालयाची पायरी चढता आली नसती.

१९७३ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने हा पेच थोडा सोडवला. किनाऱ्याची जमीन मेक्सिकन बँकेच्या नावावर विश्वस्त म्हणून राहील आणि परकीय माणूस ठराविक वर्षे तिचा उपभोग घेईल, अशी सोय झाली. त्यासाठी रँडल स्टीव्हन्सला आपली कागदपत्रे घेऊन बँकेपुढे आणि परराष्ट्र मंत्रालयापुढे जावे लागले असते, आणि ती कागदपत्रे पोर्टलंडमध्ये एकदा कसोटीला उतरली होती. परकीयाने मालमत्तेसाठी मेक्सिकोशी कायदेशीर संबंध जोडताना तेथील राज्यघटना त्याच्याकडून एक हमी घेते: या मालमत्तेबाबत मी स्वतःला मेक्सिकन नागरिकासारखाच मानीन आणि माझ्या देशाच्या सरकारकडे संरक्षण मागणार नाही, मागितल्यास मालमत्ता जप्त व्हावी. इतर अमेरिकन माणसे या कलमापाशी वकिलाचा सल्ला घेत असत. अँडीला ते वाचताच सही करता आली असती.