निरोपाला तारीख, ग्रुपला सुतक

(पुण्यात ज्येष्ठ नागरिकांपुढे केलेलं भाषण, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी.

व्हॉट्सॲप-फेसबुकवर मला कोणत्या नव्या सोयी हव्यात, हा आजचा विषय. फलक वाचून दोघातिघांनी दारातच विचारलं, "मागायचं कुणाकडे? ऐकणार कोण?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. हॅशटॅग म्हणतात ते चौकटीसारखं चिन्ह ट्विटर कंपनीने काढलेलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस मेसिना नावाच्या एका वापरणाऱ्याने सुचवलं, की एका विषयावरचं बोलणं एकत्र सापडावं म्हणून शब्दाआधी हे चिन्ह लावू या. कंपनीने ते लगेच उचलून धरलं नाही. लोक मात्र लावत राहिले, आणि २००९ मध्ये कंपनीने त्याला रीतसर जागा दिली. रीट्वीटचंही तेच. लोक आधी हाताने 'आरटी' लिहून दुसऱ्याचं म्हणणं पुढे पाठवत होते, बटण मागाहून आलं. तेव्हा मागायला लाजायचं कारण नाही. माझ्या मागण्या ऐकून हसू आलं तर जरूर हसा. मला त्या खरोखर हव्या आहेत.

पहिली मागणी सुतकाची.

सकाळी साडेसहाला शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी कळवतं, की अमक्याचे वडील पहाटे गेले, दहा वाजता वैकुंठला नेणार आहेत. खाली चार जण हात जोडतात. पाचवा निरोप येतो तो गुलाबाच्या गुच्छाचा: "सुप्रभात! आजचा दिवस आनंदात जावो." पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. तो रोज त्याच वेळी, वरचं न वाचता, सगळ्या ग्रुपांत फुलं टाकतो. मग कुणीतरी त्याच्यावर चिडतं, तो माफी मागतो, तिसरा मध्ये पडतो, चौथा तिसऱ्याला सुनावतो, आणि गेलेले गृहस्थ बाजूलाच राहतात.

म्हणून मला असं बटण हवं, की निधनाची बातमी देणाऱ्याने ते दाबलं, की ग्रुपला तीन तासांचं सुतक लागावं. त्या बातमीला उत्तर म्हणून लिहिलेलं तेवढं पोचावं. फुलं, सुविचार, विनोद आणि "कुणाकडे चांगला प्लंबर आहे का" हे सगळं दाराबाहेर थांबावं, आणि वेळ संपली की आपोआप आत यावं. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आजही आहे. पण ती चालू करायला ॲडमिन जागा लागतो, आणि नेमका तेव्हा तो अंघोळीला गेलेला असतो.

याच्याच पोटात दुसरी मागणी आहे, आणि सगळ्यांत जास्त जीव माझा तिच्यात आहे. फेसबुकवर 'लाइक'चं बटण २००९ मध्ये आलं. पुढे सात वर्षं कुणाची आई गेली तरी अंगठाच दाखवायचा. २०१६ मध्ये रडवेला चेहरा मिळाला, २०२० च्या करोनात हृदयाला कवटाळणारा चेहरा आला. चांगलं झालं. पण समाचाराला गेल्यावर आपण चेहरे दाखवतो का हो? चपला काढतो, आत जाऊन बसतो. कुणी पाणी आणून देतं. विचारलं तर दोन वाक्यं बोलतो, नाहीतर खाली बघत राहतो. वीस मिनिटांनी उठतो. कोण काय बोललं हे त्या घरातल्या माणसांना पुढे आठवत नाही, कोण येऊन गेलं हे आठवतं.

तसं बटण मला हवं. ते दाबलं, की काही लिहायचं नाही, चिन्ह नाही, फूल नाही. दहा मिनिटं आपला फोन आपल्याला दुसरं काही उघडू देणार नाही, क्रिकेटचा स्कोअरसुद्धा नाही. समोरच्याला एवढंच दिसेल, की हे येऊन बसून गेले. घंटी वाजणार नाही. रात्री झोप लागली नाही तर त्याने ती यादी बघावी. आणि यात एक पोटकलम मी हट्टाने घालणार आहे. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, नंतर माणसं पांगतात. तीन महिन्यांनी जो येऊन बसेल, त्याचं नाव यादीत सर्वांत वर दिसावं.

आता तारखेकडे येतो. "तातडीने रक्त हवे" हा निरोप तुम्हा सगळ्यांना आलेला आहे. आपण कळवळून पुढे पाठवतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो, किंवा जगातूनच जातो, आणि निरोप फिरतच राहतो. त्याच्या नातेवाइकाचा फोन वर्षानुवर्षं वाजतो. प्रत्येक वेळी त्या माणसाला अनोळखी आवाजाला सांगावं लागतं, की आता नको. आपण केलेल्या मदतीचा हा त्रास कुणाला होतोय, हे आपल्याला कधी कळतही नाही. दुसरं उदाहरण घरचंच. "गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद." पुण्यात हा निरोप आला, की पिंपापासून पातेल्यापर्यंत सगळं भरून ठेवतात. गुरुवारी नळाला धो धो पाणी. मग शोध लागतो, की निरोप खरा आहे, गुरुवार मागच्या मार्चमधला आहे.

औषधाच्या पट्टीवर असते तशी तारीख निरोपावर हवी. लिहिणाऱ्याने ती घालावी, आणि त्या दिवसानंतर तो निरोप कुणाच्याही फोनवरून पुढे जाऊ नये. तुम्ही म्हणाल, आपोआप नाहीसे होणारे निरोप २०२० पासून आहेत की. आहेत, पण ती मुदत त्या गप्पांपुरती असते. ज्या गप्पांत ही सोय बंद आहे तिथे निरोप पुढे पाठवला, की तिथे तो अमर झाला. मला तारीख निरोपाच्या अंगावर हवी. हे तंत्राला जमणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुष्कळ हातांतून आलेल्या निरोपावर आज दोन बाण दिसतात ना? निरोप किती हातांतून आला हा हिशेब त्याच्याबरोबरच चालत येतो. हिशेब चालत येऊ शकतो, तर तारीखही येईल.

पुढे पाठवण्यावरची बंधनं कशी आली, हे आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी विसरता कामा नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. तशा घटना देशात इतरत्रही घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली, तेव्हा असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. एका बोटाला थोडंसं अडवलं तर एवढा फरक पडतो.

म्हणून पुढची मागणी आणखी थोडं अडवण्याची. ट्विटरने २०२० मध्ये एक प्रयोग केला. लेख न उघडताच पुढे ढकलणाऱ्याला विचारायचं, आधी वाचणार का? तेवढ्यानेच लोक चाळीस टक्के जास्त वेळा लेख उघडू लागले. आपल्याकडे प्रश्न वेगळे लागतील. मधुमेह मुळापासून घालवणारा काढा पुढे पाठवताना फोनने विचारावं, "तुम्ही स्वतः किती दिवस घेतलात?" उत्तर लिहिल्याशिवाय निरोप हलू नये, आणि उत्तर निरोपाला चिकटून जावं. "एकदाही नाही, पण चांगला वाटला" असं खाली लिहून आलेला काढा कोण उकळणार?

निळ्या खुणांबद्दल थोडक्यात. २०१४ पासून आपल्याला कळतं, की मुलाने वाचलं. उत्तर का आलं नाही, ते कळत नाही, आणि तिकडे सॅन होजेला रात्रीचे दोन वाजलेत हे आईच्या काळजाला पटत नाही. तिसरी एक खूण द्या, पोपटी चालेल. अर्थ एवढाच: वाचलं, बरा आहे, जेवलोय.

ग्रुप गुपचूप सोडायची सोय २०२२ मध्ये मिळाली, पण ॲडमिनला कळतंच, आणि आपल्याकडे ॲडमिन म्हणजे बहुधा थोरली वहिनी. मला सोडायचं नाहीच, ओसरीवर बसायचं आहे. जन्म, लग्न, निधन आणि पाणी, एवढंच माझ्यापर्यंत यावं. बाकी आत काय चाललंय ते आत.

माझ्या मागण्या झाल्या. आता तुमच्या. सेटिंग्जमध्ये 'मदत' या सदरातून कंपनीला लिहिता येतं. ते कसं करायचं हे मी प्रत्येकाला त्याच्या फोनवर दाखवतो, आणि आपण मराठीतच लिहू. कोरे कागद फिरवतोय. एका कागदावर एकच मागणी, मोठ्या अक्षरात. चहा आलाय, घेता घेता लिहा.